रंगकामानंतर उरलेला थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ जवळ आली की अर्ध्या गोव्यात ऑइल पेंटचा वास सुटतो, आणि गणपती पोचवून झाले की जिन्याखाली, पंप हाऊसमध्ये, नाहीतर न्हाणीघराच्या माळ्यावर अर्धे उरलेले डबे दिसायला लागतात. त्यांचं करायचं काय, हे विचारणारे खूप आहेत आणि उत्तरं बहुतेक "ओत रे परसात" अशीच मिळतात, म्हणून हे लिहिलंय. एक गोष्ट आधीच सांगतो, घाई फक्त तेलाच्या फडक्यांची असते. झाकण घट्ट असलेला थिनरचा डबा महिनाभर थांबला तरी काही होत नाही, फडकी एक रात्रही थांबतील याची खात्री नाही. आजच काम संपलं असेल तर आधी फडक्यांचा प्रश्न वाचा, बाकी उद्या वाचलं तरी चालेल.

थिनर, टर्पेंटाइन, स्पिरिट, रॉकेल, सगळं एकच ना?

नाही हो. ऑइल पेंटमध्ये घालतात ते टर्पेंटाइन म्हणजे बहुतेक वेळा पेट्रोलियमपासून काढलेलं मिनरल टर्पेंटाइन, ते साधारण ३५ ते ४० डिग्रीच्या आसपास तापलं की त्याची वाफ ठिणगीवर पेट घेऊ शकते, म्हणजे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर आपण त्या आकड्याच्या अगदी जवळ असतो. लाकडी दरवाजाच्या लॅकरला लागतो तो एनसी थिनर त्याहून वाईट, त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोन असलं काय काय असतं, टोल्युइन ४ डिग्रीला आणि अ‍ॅसिटोन तर शून्याखाली २० डिग्रीलाही पेटण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्याकडे बारा महिने, चोवीस तास. फ्रेंच पॉलिशचं स्पिरिट हे अल्कोहोल, त्यात पिऊ नये म्हणून विषारी मिथेनॉल घातलेलं असू शकतं. रॉकेल त्यातल्या त्यात सावकाश पेटतं पण पेटतंच.

या सगळ्यांच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, हे लक्षात ठेवा. त्या वर उडून जात नाहीत, जमिनीलगत सरपटत जातात आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवापुढच्या समईपर्यंत पोचतात. डबा एका खोलीत आणि भडका दुसऱ्या खोलीत, असं होतं ते यामुळेच.

थोडंसंच आहे, मोरीत ओतून वर बादलीभर पाणी टाकलं तर?

गोव्यात हे जास्तच नको. पणजीसारख्या काही भागांत गटार योजना आहे, पण गावाकडच्या घरांत सेप्टिक टँक आणि सोक पिट, म्हणजे टँकचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, असतो. टँकचं काम जिवाणू करतात आणि थिनर त्यांना मारतो, टँक भरायला लागतो, वास सुटतो, मग सक्शनवाल्याला फोन. टर्पेंटाइन आणि टोल्युइन पाण्यात मिसळत नाहीत, पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगतात आणि तसेच सोक पिटमध्ये जातात. बादलीभर पाणी टाकून ते पातळ होत नाही, फक्त लवकर पुढे ढकललं जातं.

पुढे काय, तर आपला चिरा. जांभ्या दगडाला भोकं आणि भेगा असतात, पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली उतरतं, म्हणून तर आपल्या विहिरी पावसात इतक्या भराभर वर येतात. ज्या वाटेने पाणी जातं त्याच वाटेने थिनरही जातो. विहीर तुमची नसेल, शेजाऱ्याची असेल, पण सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, त्याच विहिरीत पोरं उड्या मारतात आणि एरवी त्याच पाण्यावर घर चालतं. विहीरभर पाण्याला वास लागायला हे रसायन फार लागत नाही आणि एकदा जमिनीत मुरलं की काढायला कोणी येत नाही.

पणजीत किंवा सोसायटीत राहता, तरीही नको. तिथे ते टोंकच्या सांडपाणी प्रकल्पाकडे जातं आणि वाटेत बंद गटारात वाफ साठते. रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात ओतणं म्हणजे तर व्हाळात, खाजनात म्हणजे खाडीकाठच्या शेतात, पोयीत म्हणजे तिथल्या पाणवठ्यात थेट ओतणंच.

मग परसात, माडाच्या मुळाशी? किंवा वाळवीवर?

तीच जमीन, तीच विहीर. वाळवीवर रॉकेल ओतायची सवय खूप घरांत आहे, वरवरची वाळवी मरते, राणी आत खोल सुखरूप असते आणि चार दिवसांत वाळवी परत येते. आणि वारुळाला सातेरी देवी मानून पुजणाऱ्या मुलखात वारुळात थिनर ओतायला हात कसा जातो ते मला तरी कळत नाही.

ब्रश धुतलेलं गढूळ टर्पेंटाइन आहे, हे तरी टाकायचंच ना?

टाकायचं नाही, बसू द्यायचं. तोंड घट्ट लागणाऱ्या काचेच्या बरणीत किंवा पत्र्याच्या डब्यात ओता, झाकण लावा, वर मोठ्या अक्षरात लिहा आणि कोणाचा हात लागणार नाही अशा सावलीच्या जागी ठेवून द्या. रंगाची भुकटी हळूहळू खाली बसते, कधी एका दिवसात, कधी आठवडा लागतो. वरचं स्वच्छ दिसायला लागलं की न हलवता दुसऱ्या डब्यात ओतून घ्या. ते रंगात मिसळायला घेऊ नका, पण पुढच्या वेळी ब्रश धुवायला अगदी चालतं, परत गढूळ झालं की परत बसवा. एक लिटर असं बरंच चालतं, दुकानदाराला सांगू नका.

ब्रश धुवायची पण पद्धत आहे. आधी रंग वर्तमानपत्रावर जितका पुसून काढता येईल तितका काढा, मग थोडंसंच टर्पेंटाइन घेऊन पहिला हात, ते ओतून ठेवा, परत थोडं घेऊन दुसरा हात, शेवटी साबण. डबाभर टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुचकळून ठेवतात तेव्हा ते सगळंच गढूळ होतं आणि मग हा प्रश्न पडतो. एनसी थिनरचंही असंच करता येतं, पण तो उडतो फार, म्हणून झाकण लगेच लावायचं आणि घरात नाही तर बाहेर पडवीत काम करायचं.

पेट्रोलने ब्रश धुवू नका. स्वस्त पडतं, पटकन निघतं, सगळं खरं, पण नका.

खाली जो गाळ उरतो त्याचं काय?

तो खरा कचरा. वाटीभरच असतो. जुन्या पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा किंवा सुकी रेती घ्या, गाळ त्यात ओता, काठीने कालवा आणि उघड्यावर, पाऊस लागणार नाही आणि मुलं, कुत्री-मांजरं जाणार नाहीत अशा जागी सुकू द्या. गाळात जवसाचं तेल किंवा तेलाचं वॉर्निश असेल तर भुसा वापरायचा नाही, रेतीच घ्यायची, आणि ढीग न करता पातळ पसरायची, कारण खाली फडक्यांबद्दल जे लिहिलंय ते तेल लागलेल्या भुशालाही लागू होतं. कोरडं झालं, वास गेला की डब्याला झाकण लावून घातक कचरा म्हणून वेगळं ठेवायचं. लिटरच्या लिटर थिनर असा उघड्यावर उडवून टाकू नका मात्र, तो हवेत जातो, तुमच्या नाकात जातो आणि शेजाऱ्यांच्याही.

फडक्यांचं एवढं काय?

हे नीट वाचा. जवसाचं म्हणजे अळशीचं तेल, टीक ऑइल, तेलाचं वॉर्निश, वुड स्टेन आणि कमी प्रमाणात ऑइल पेंटसुद्धा, हे पाण्यासारखं नुसतं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्या क्रियेत उष्णता तयार होते. दरवाजावर पातळ हात असतो तेव्हा ती हवेत निघून जाते, पण तेच तेल लागलेली फडकी चुरगळून एका कोपऱ्यात किंवा पिशवीत टाकली की उष्णता आतच कोंडते, उष्णतेने क्रिया आणखी वेगात, म्हणून आणखी उष्णता, आणि काही तासांत ढीग आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. सगळे झोपलेले असतात तेव्हा.

उन्हाळ्यात सोपं आहे, एकेक फडकं सुटं करून दोरीवर किंवा कुंपणावर पसरून ठेवा, एकावर एक नाही, घडी नाही, घराच्या भिंतीपासून लांब. कडक झालं, पापडासारखं वाजायला लागलं की धोका गेला.

पण आपण रंग देतो तो चवथीच्या तोंडावर, भर पावसात, तेव्हा कुठे सुकवणार? तेव्हा झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, रंगाचाच रिकामा चालेल, त्यात पाणी भरा, थोडी साबण पावडर टाका, फडकी पूर्ण बुडवा आणि झाकण लावून बाहेर ठेवा. पाण्याखाली हवा मिळत नाही म्हणून तापत नाहीत. पुढे चार दिवस उघडीप मिळाली की काढून सुटी सुकवा, नाही मिळाली तर तशीच डब्यात बंद राहू द्या. पॉलिशवाला काम संपवून जाताना फडकी कोपऱ्यात टाकून जातो, ते संध्याकाळी स्वतः बघायचं, त्याच्यावर सोडायचं नाही. सँडिंगचा भुसा तेल लागलेला असेल तर त्यालाही हेच.

फक्त स्पिरिट किंवा एनसी थिनर लागलेलं फडकं असं आपोआप तापत नाही, पण काडी लागली तर भडकतं, त्यामुळे सुकवायचं तेही बाहेरच.

रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं तर चालतं का?

सगळ्यात जास्त लोक हेच करतात आणि हेच सगळ्यात वाईट. थिनर पाण्यासारखा दिसतो. घरात पाहुणे, मुलं, उन्हातून आलेला माणूस, फ्रिजशेजारी बाटली दिसली की तोंडाला लावतो. लेबल चिकटवलं तरी पाण्याची बाटली ती पाण्याचीच बाटली, अंधारात कोण वाचतो. शिवाय एनसी थिनर पातळ प्लास्टिक मऊ करतो, चिरा पाडतो, मग एक दिवस कपाटात सगळं सांडलेलं. थर्माकोलचा ग्लास तर विरघळूनच जातो, कोणाला खात्री करायची असेल त्यांनी बाहेर अंगणात करा, मखराजवळ नको.

मूळ डब्यातच ठेवा. तो गंजला असेल तर दुसरा पत्र्याचा डबा घ्या, घट्ट झाकणाचा, आणि त्यावर मार्करने "थिनर, विष" असं लिहा आणि तारीख घाला.

उरलेला चांगला थिनर ठेवायचा कुठे?

सावलीत, हवा खेळणाऱ्या जागी, खाली नाही तर मुलांच्या उंचीच्या वर, कुलूप असेल तर उत्तम. गॅस सिलिंडरजवळ नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ नाही, पंपाच्या स्टार्टरजवळ नाही, कारण तिथे ठिणगी उडते. आपल्याकडची दमट हवा पत्र्याला लवकर खाते, म्हणून डबा फरशीवर न ठेवता लाकडाच्या फळीवर ठेवा आणि पावसाळ्यात एकदा तरी बुड बघा. स्कूटरच्या डिकीत ठेवून विसरणारे पण आहेत, उन्हात उभ्या स्कूटरची डिकी म्हणजे तवाच. कदंबा बसमधून पण नेऊ नका.

स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबर घातला तर संपेल ना?

संपेल, स्कूटर.

ठेवायचा नाहीये, द्यायचा आहे. कोणाला?

हाच खरा उपाय. चांगला, न वापरलेला थिनर हा कचरा नाही, माल आहे. रंग देणारा पेंटर, फर्निचरवाला सुतार, गॅरेजमधला स्प्रे पेंटिंगवाला, ग्रिल बनवणारा वेल्डर, शिगम्याचे चित्ररथ नाहीतर दिवाळीला जाळायचे नरकासुर बनवणारी वाड्यावरची पोरं, कोणीतरी घेतोच. मूळ डब्यात द्या, काय आहे ते तोंडाने पण सांगा. पोरांना देताय तर त्यांच्यातल्या मोठ्याच्या हातात.

नरकासुर आठवला म्हणून, पहाटे जाळताना त्याच्यावर ओतून संपवला तर?

नको. आत आधीच फटाके आणि गवत असतं, त्यावर थिनर ओतला की पहिली काडी पेटवणाऱ्याच्या अंगावरच भडका येतो. वाफ जमिनीवर पसरते हे वर लिहिलंय, माणूस त्या वाफेतच उभा असतो. चुलीत, पाचोळ्यावर, स्मशानात लाकडावर, तिन्ही ठिकाणी उत्तर तेच. आणि उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड ठरवलाय, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००.

पंचायतीची कचऱ्याची गाडी घेते का?

पातळ पदार्थ म्हणून घेत नाही आणि घेऊ पण नये. गाडीत इतर कचऱ्याबरोबर दाबला जातो, डबा फुटतो, आणि कामगार हाताने वर्गीकरण करतात. कचऱ्याच्या ढिगाला आग लागली की काय होतं ते मडगावकरांना सांगायला नको, २०१९ च्या मे महिन्यात सोनसोडोचा कचरा डेपो पेटला तेव्हा कितीतरी दिवस धूर होता.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे, कीटकनाशकाचे डबे, ट्यूबलाइट, जुनी औषधं, बॅटऱ्या हे "घरगुती घातक कचरा" म्हणून ओल्या-सुक्यापासून वेगळं द्यायचं असं ठरलं, आणि असा कचरा जमा करायला शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र हवं असंही त्यात लिहिलं गेलं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात तुमच्या पंचाला किंवा पालिकेच्या सुपरवायझरला विचारायचं की घातक कचरा कुठल्या दिवशी घेता आणि कुठे, आणि "काय असतं ते" असं उत्तर आलं तर ग्रामसभेत विचारायचं. पणजी महापालिका कॉलन्यांमध्ये १६ प्रकारांत कचरा वेगळा करून घेते, म्हणजे हे जमू शकतं.

साळगावचा प्रकल्प घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी आहे, पिसुर्लेला घातक कचऱ्याचा आहे पण तिथला कारभार कारखान्यांच्या मालाचा, आपण दोन डबे घेऊन गेटवर जायची ती जागा नाही. जे काही जायचं ते पंचायत, पालिका, त्यांच्यामार्फत. तोपर्यंत सुकलेला गाळ बंद डब्यात घरी राहू द्या, तो काही खायला मागत नाही.

रिकामे डबे भंगारवाल्याला दिले तर?

पूर्ण कोरडे करून द्या. झाकण उघडून बाहेर सावलीत ठेवा, आतला रंग कडक होऊ दे, मग द्या. "रिकामा" थिनरचा डबा हा भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. मोठा ड्रम कापून पाणी भरायला किंवा चूल करायला घेतात, ग्राइंडर किंवा गॅस कटर लावला की तो फुटतो, यात माणसं मेलीयत. पाणी साठवायला, तांदूळ ठेवायला, गुरांना पाणी पाजायला, कशालाच तो डबा नको.

पेंट रिमूव्हर उरलाय, तोही थिनरमध्ये मिसळून ठेवू?

वेगळाच ठेवा. काही रिमूव्हरमध्ये क्लोरीनवाली द्रावणं असतात, ती मिसळली की बाकीचा चांगला थिनरही कोणाच्या कामाचा राहत नाही, आणि जाळली तर विषारी वायू निघतो. एकूणच एका डब्यात दोन वस्तू नकोत. ब्लीच किंवा न्हाणीघर साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर तर कधीच नको.

सांडलं तर?

आधी शेगडी, समई, उदबत्ती विझवा, खिडक्या-दारं उघडा, मुलांना बाहेर काढा. त्या खोलीतलं लाइटचं बटण चालू-बंद करू नका, पंखाही लावू नका. वर सुकी रेती, माती किंवा भुसा टाका, शोषलं की पत्र्याच्या सुपलीने भरून डब्यात, डबा बाहेर. पाणी मारून पसरवू नका. आग लागली तर पाणी नाही, झाकण, ओलं जाड कापड किंवा रेती, आणि हाताबाहेर जातंय असं वाटलं की बाहेर पडून १०१ किंवा ११२.

कोणी चुकून प्यायलं तर?

उलटी करायला लावू नका. मिठाचं पाणी नको, घशात बोट नको. टर्पेंटाइन, रॉकेल, थिनर पोटात जेवढं त्रास देतं त्याहून कितीतरी जास्त फुप्फुसात गेलं तर देतं, आणि उलटीबरोबर ते तिथेच जातं. प्यायल्यावर ठसका लागला, खोकला येतोय, श्वास जोरात चाललाय, याचा अर्थ थोडं गेलंय आधीच. १०८ ला फोन करा, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळचं जिल्हा इस्पितळ गाठा, आणि डबा बरोबर न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास मिळतं. पॉलिशचं स्पिरिट असेल तर माणूस बरा दिसत असला तरी न्या, मिथेनॉल उशिरा दाखवतं आणि डोळे घेऊन जातं.

डोळ्यात उडालं तर नळाच्या साध्या पाण्याने निदान १५ मिनिटं, मग डॉक्टर. हाताला लागलं तर साबण आणि खोबरेल, थिनरने हात धुवायची सवय मात्र सोडा.

जुन्या घराचा रंग खरवडलाय, त्या पापुद्र्यांचं?

पोर्तुगीज काळातल्या घरांच्या खिडक्या-दरवाजांवर थरावर थर असतात आणि जुन्या थरांत शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीचं काय सांगावं. सुकं घासू नका, पाणी मारून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, पापुद्रे गोळा करून बंद पिशवीत घातक कचऱ्यात. तुळशीच्या वृंदावनात, भाजीच्या वाफ्यात झाडून टाकू नका. हीट गन लावली तर शिशाचा धूर होतो, गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी दुसऱ्या घरी.

आमचा तर पाण्याचा इमल्शन होता, त्यात काय?

त्यात थिनर नाही, हे बरं. उरलेला रंग शेजाऱ्याला द्या, नाहीतर गडग्याला, पंप हाऊसला मारून संपवा. अगदी तळाचा उरला तर रेती टाकून सुकवा. ब्रशचं पाणी व्हाळात किंवा विहिरीकाठी ओतू नका, बादलीत एक रात्र ठेवा, वरचं पाणी विहिरीपासून लांब मातीत, खालचा रंग सुकवून कचऱ्यात.

पेंटर म्हणतो "काका, सगळं मी घेऊन जातो, तुम्ही टेन्शन घेऊ नका".

चांगला थिनर नेत असेल तर आनंदाने द्या, त्याला तो उपयोगी आहे. गढूळ पण नेतो म्हणाला तर विचारा कुठे टाकणार. "हे इथेच खाली व्हाळात" असं उत्तर आलं तर बरणी तुमच्याकडेच राहू द्या.